पासष्ट म्हणजे कुठले पासष्ट?

तुमच्या गावात एक जूनला किती जणांचा वाढदिवस येतो? आमच्या लातूरजवळच्या मुरुडकडं निम्म्या म्हाताऱ्यांचा येतो. जूनमध्ये शाळा सुरू, पोर सहा वर्षांचं पाहिजे, जन्माची नोंद कुठंच नाही. गुरुजी एक जून टाकून मोकळे.

याच एक जूनपायी महानंदाअक्का लातूरला आमच्या घरी येऊन बसल्या होत्या. त्यांचे धाकटे भाऊ कॅप्टन बसवराज माझ्याच विमान कंपनीत. मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॉकपिटमधल्या उजव्या सीटवरची. डावीकडं कॅप्टन, आणि शेवटचा शब्द त्याचा. पासष्ट पूर्ण झाले की प्रवासी विमान उडवता येत नाही, असा नियम आहे. एकतीस मेनंतर कॅप्टनना घरी बसावं लागणार होतं.

"पर बसू पोळ्याचा हाय," अक्का म्हणाल्या. "पुढच्या दारी बैल पूजेला उभे व्हते, म्हणून सुईण मागल्या दारानं आली. तीन म्हैने हायेत अजून त्याचे. तू लई लिहितीस म्हनं. मग लिही की."

लिहिते, हे खरं. हे वय सदुसष्ट करावं अशी चर्चा चालू आहे. वरचे हलले नाहीत तर आम्हाला कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळत नाही. म्हणून मीच संघटनेचं पत्रक काढलं होतं: 'पासष्ट म्हणजे पासष्ट'. पण अन्याय तो अन्याय. मी चार पानी अर्ज लिहिला. खाली तो पोळा आठवणाऱ्या गावातल्या अकरा म्हाताऱ्या साक्षीदारांच्या सह्या-अंगठे घेतले आणि एचआर मॅनेजरसमोर ठेवला.

त्यांनी ड्रॉवरमधून माझं पत्रक काढलं. "मॅडम, हे तुमचंच ना?"

"हो सर."

"मग?"

"पासष्ट म्हणजे खरे पासष्ट, सर."

"बरं. साक्षीदारांची आधार कार्डं बघितलीत? अकराच्या अकरा जणांची जन्मतारीख एक जून आहे."

मला हसू आवरेना. त्यांनाही. शेवटी म्हणाले, "कॅप्टनची सही आणा. वर पाठवतो."

कॅप्टननी अर्ज उभ्याउभ्याच वाचला. "अक्काचं काम दिसतंय. मॅडम, भरतीच्या वेळी कमीत कमी वयाची अट होती. पोळा धरला असता तर मी तीन महिने कमी भरत होतो. हाच एक जून दाखवून आत शिरलो. तवा चालली ती तारीख, आता खोटी म्हणू?"

"पण सर, हा अन्याय आहे."

"झाला की अन्याय. भरतीच्या यादीत माझ्या मागच्या नंबरच्या पोरावर. त्याच्यासाठी कुणी पत्रक काढलं न्हाई."

सही काही मिळाली नाही.

एकतीस मेला हैदराबाद-नांदेड, दुपारची फ्लाइट, त्यांची शेवटची. उजवीकडं मी. मागच्या दोन ओळींत अक्का आणि अकरा साक्षीदार, सगळेच पहिल्यांदा विमानात. नांदेडला क्रॉसविंड होता, म्हणजे धावपट्टीवर आडवा वारा. अशा वेळी विमान खेकड्यासारखं तिरकं आणायचं आणि चाकं टेकायच्या जरा आधी सरळ करायचं. त्यांनी ते इतकं अलगद टेकवलं की मला मीटर बघून खात्री करावी लागली.

निवृत्त होणाऱ्या कॅप्टनच्या विमानावर अग्निशमनच्या गाड्या दोन्हीकडून पाणी उडवतात, अशी पद्धत आहे. हे मागं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. खिडकीवर पाणी आदळलं आणि कॉकपिटच्या बंद दारातूनही अक्कांचा आवाज आम्हाला ऐकू आला, "अगं बया, पेटलं का काय इमान."

कॅप्टननी माइक उचलला. "अक्का, काही पेटलेलं न्हाई. मला आंघोळ घालायलेत." आख्खं विमान खदखदून हसलं. रेडिओवर टॉवरशी बोलताना माझे शब्द हसण्यानं तुटत होते.

तीन महिने मिळाले नाहीत. आता ते सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये शिकवतात. तिथं पासष्टचा नियम लागत नाही. गेल्या खेपेला एक इंजिन बंद पडण्याच्या सरावात त्यांनी मला नापास केलं. बरोबरच केलं. माझं वय एकोणतीस आहे.

मत माझं अजूनही पासष्टच. तुमचं सदुसष्ट असेल. ते राहू द्या. पण आपल्या खासदाराला एक पत्र लिहा: वयाचा आकडा बदला वा ठेवा, कसोटी मात्र कडक करा, आणि ती आम्हा तरण्यांनाही तेवढीच लावा. पोस्टकार्डही चालेल.