दुर्बीण आणि बोंबील

मस्कतहून सुट्टीवर येताना ह्यांनी दुर्बीण आणली, आणि गवा बघायला आम्ही दोघं पाठीवर सॅक टाकून सावर्ड्याच्या पलीकडच्या डोंगरात शिरलो. "जंगलात एक शब्द बोलायचा नाही," अशी ताकीद मला एस्टीतून उतरतानाच मिळाली. सॅकेत भाजलेले सुके बोंबील आहेत हे कळल्यावर तर हे भडकलेच. "वासाने जनावरं पळतील!" मांडवीत जन्मलेल्या माणसाने बोंबलाला नावं ठेवावीत? मी तोंड शिवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साधी खारही दिसली नव्हती. हे कातळावर पालथे पडून दुर्बिणीतून समोरची दरी न्याहाळत होते. तेवढ्यात त्यांच्या मागे, अगदी पायांपाशी, मुंगसाची जोडी आली. एकाने उघड्या सॅकेत डोकं घालून बोंबील ओढला, दुसऱ्याने त्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांची छान जुंपली. मी ओढणी तोंडात कोंबून हसत होते. पुडी रिकामी करूनच जोडी करवंदीच्या जाळीत गेली.

हे वैतागून उठले. "काही नाही ह्या जंगलात. काढ ते बोंबील, भूक लागलीय."

"आता बोलू का?" मी विचारलं.