सिनेमा सांगणारे कंट्रोलरसाहेब

माईकवर नखानं दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "बसून घ्या, गाडी सुटून राहिली." आमच्या नांदेडच्या फिल्म क्लबात परदेशी सिनेमा असा सुरू व्हायचा. ही टकटक करणारे गृहस्थ उभी हयात हदगाव डेपोत एसटीच्या गाड्या पुकारून रिटायर झालेले. आम्ही त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणायचो. गेल्या थंडीत साहेब गेले आणि क्लबात आता फार शांतता असते.

सिनेमातले संवाद मी मराठीत लिहून द्यायचो, ते पडद्याशेजारी उभं राहून वाचायचे. वाचायचे कसले! कागद खिशात जायचा अन् युरोपातले शेतकरी हदगावच्या बोलीत भांडायला लागायचे. परक्या फौजेचे शिपाई मात्र दखनी उर्दूत दरडावायचे, "क्या बे, कां जारा?" मी कुरकुर केली की म्हणायचे, "सर, मानसाला कळाया पायजे का न्हाई?" मी आपला पुढच्या सिनेमाचे संवाद लिहायला बसायचो.

एकदा फौजेनं ताब्यात घेतलेल्या गावाचा सिनेमा होता. त्यातली एक विधवा लेकरांच्या पोटासाठी शिपायांना रांधून घालते. फौज निघून गेल्यावर गावातल्या बाया तिला चौकात उभं करून नाही नाही ते बोलतात. साहेबांनी त्या शिव्या अगदी हळू आवाजात सांगितल्या. मग ती विधवा नुसती बघत राहते. तिथे संवादच नाही, मी कागदावर काही लिहिलंच नव्हतं.

साहेब मात्र बोलले. "आधी तुमच्याच दारी आल्ते, बायांनो. भाकर मागितली. तुमी कडी लावून घेतली. लेकरं उपाशी होती माझी."

 

नंतर बाहेर टपरीवर मी विचारलं, तेव्हा कळलं. रझाकारांच्या वेळी साहेबांच्या आईनं रझाकारांच्याच तळावर भाकरी थापल्या होत्या. नवरा वारलेला, पदरात साहेबांसह तीन लेकरं; त्याआधी गावात भाकर मागितली, तर सगळ्यांनी दारं लावून घेतलेली. पुढे गावानं तिला ना लग्नाला बोलावलं, ना बारशाला. ती मरेपर्यंत त्याबद्दल कुणाला काही बोलली नाही.

"माय बोलली न्हाई, सर. म्हनून मी बोललो. चुकलं असंल."

चुकलं कसलं! मी त्यांचा हात धरून उभा राहिलो.

त्यांनीच विचारलं, "मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं का?"

"हाव," मी म्हणालो. "सगळ्यांना गेलं."

तेव्हा कुठे ते हमसून हमसून रडले.