काउंटरवरचं बटण

सोयगावहून या शहरात आलो तेव्हा माझ्याकडं जिभेशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. छावणीच्या रस्त्याला एक आवार घेतलं. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या विकत घ्यायची आणि नव्या वसाहतींत घर बांधणाऱ्यांना विकायची, हा धंदा. प्यायला पाणी नव्हतं, पण शहर चारी बाजूंनी वाढतच होतं. भाव पाडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि माझं तोंड सुटलं की आवरणाराही कुणी नव्हता.

घर आवाराच्याच मागं होतं. बायको मला नावानं हाक मारायची नाही. तिच्या माहेरी तशी रीतच नव्हती. जेवण तयार झालं की ती चौकटीवर बांगड्या वाजवायची. करवतीच्या आवाजातही मला त्या ऐकू यायच्या. समोर गिऱ्हाईक असलं की मी बसल्या जागेवरून ओरडायचो, "आलो!" तासाभरानं गेलो की ताट झाकून ठेवलेलं असायचं.

"तुमचं 'आलो' म्हंजे सरकारी टँकर," ती म्हणायची. "येतो येतो म्हणतंय, अन् पत्ता नाय."

एका दुष्काळी उन्हाळ्यात तिच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन करावं लागलं. आधी सिस्टरनं बांगड्या काढायला लावल्या. त्या रुमालात बांधून माझ्याकडं देताना ती म्हणाली, "आता तुम्हाला हाक कशी मारू?"

मी खाटेजवळची बेल तिच्या हातात दिली. "ही दाब. माणूस धावत येतंय. लाजू नको, हक्काची हाय."

ती लाजलीच. मग दोन दिवस बेल मीच दाबली. पंखा कुरकुरतो, उशी पातळ आहे, चहा गार आहे. घेतली वस्तू पुरेपूर वसूल करायची, ही माझी जन्माची सवय. सिस्टर आली की आधी चार शब्द सुनवायचो, मग काम सांगायचो. "नका हो," एवढंच म्हणून बायको डोळे मिटून घ्यायची. बेल बंद करायचं बटण खाटेजवळ होतं, तसं एक बाहेर सिस्टरांच्या काउंटरवरही होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून सिस्टर यायची बंद झाली. नुसती बेलच बंद व्हायची. मी पुन्हा दाबायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत टँकर येणार होता. तो चुकला की आठ दिवस घसा कोरडा.

"जा, पाणी भरून या," ती म्हणाली. "बेल हाय ना माझ्याकडं."

ड्रम भरून परतलो तेव्हा खाट रिकामी होती. बाथरूमला जायचं म्हणून ती एकटीच उठली होती. तोल गेला आणि डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं. आयसीयूत दोन दिवस होती. डोळे उघडले नाहीत.

मी काउंटरवर गेलो. जिभेवर येईल ते बोललो. सगळा मजला गोळा झाला. सिस्टर रडत उभी होती. शेवटी म्हणाली, "काका, बेल तीनदा वाजली. तिन्ही वेळा मी इथूनच बंद केली. मला वाटलं, तुम्हीच आहात."

मी गर्दीतून वाट काढत जिना उतरलो.

सिस्टर चुकली, हे मी आजही म्हणतो. बेल कुणीही दाबो, उठून बघायला पाहिजे होतं. पण हे मोठ्यानं म्हणायला गेलो की मला माझं ते बसल्या जागेवरचं "आलो" ऐकू येतं.

तेराव्यानंतर मी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांपुढं जाऊन बसलो. त्यांनी तिची फाईल आधीच काढून ठेवली होती. मी भांडायला आलोय, असं त्यांना वाटलं.

"काउंटरवरचं बटण काढून टाका," मी म्हणालो. "सगळ्या मजल्यांवरचं. बेल बंद करायची तर खाटेजवळ येऊनच करता आली पाहिजे."

"एवढंच?"

धंद्यात समोरचा "एवढंच?" म्हणाला की समजावं, आपण कमी मागितलं. पण मागण्यासारखं दुसरं काही राहिलंच नव्हतं.

बटणं निघाल्याचा निरोप आला, पण माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कधी विश्वास ठेवलेला नाही. गेलो. तीच खोली रिकामी होती. खाटेवर बसलो आणि बेल दाबली. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. दारात कुणी नवीनच सिस्टर आली.

"काय हवंय काका?"

मी हातातली बेल तिला दाखवली. तिनं जवळ येऊन बेल बंद केली आणि तशीच थांबून राहिली.