अगरबत्तीच्या वासाची खोकी

भवानीबाई संशयी आहेत, हे देवासच्या त्यांच्या गल्लीत कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. दूधवाल्यासमोरच त्या दुधात बोट बुडवून बघत, आणि देवळातून निघताना चपला आपल्याच आहेत ना, म्हणून उलटून बघत. अशा बाईचा डोळे मिटून भरवसा होता तो एकाच गोष्टीवर. त्यांचे यजमान मानाजी कारखान्यातून आणत, त्या खोक्यांवर.

हे जोडपं सांगलीकडून नोकरीपायी इकडे आलं, ते नव्वद साली. कारखान्यात सुटे भाग यायचे, त्यांची रिकामी खोकी गेटपास करून घरी नेता येत. पुठ्ठा असा दणकट की वर माणूस उभा राहिला तरी दबणार नाही. भवानीबाई मैद्याची खळ शिजवत, झुरळं लागू नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकत, आणि जुन्या साडीचा तुकडा चिकटवला की खोक्याचं कपाट होई. चपलांचे कप्पे, कांद्या-बटाट्यांची भोकं पाडलेली पेटी, महालक्ष्म्यांपुढच्या पायऱ्या, सगळं खोक्यांचं. लाकडी फर्निचर घेणाऱ्यांची त्यांना कीव येई. "वाळवी लागली की बसतील रडत," म्हणायच्या. पुठ्ठ्यालाही वाळवी लागते, हे त्यांना सांगणार कोण!

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात खोकी बदलली. पुठ्ठा पातळ, धरला की दबायचा, आणि त्याला अगरबत्तीचा वास. मानाजींचा शर्ट धुवायला घेतला तर त्यालाही तोच वास. इतकी वर्षं त्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास यायचा. शंकेची पाल चुकचुकली. कुठल्या बाईच्या देवघरात बसून येतो हा माणूस?

"कंपनीने अगरबत्तीचा धंदा काढला वाटतं?" त्यांनी वाढता वाढता विचारलं.

"पॅकिंग बदललं," मानाजी ताटातून मान वर न करता म्हणाले.

पाणी मुरत होतं. कुठे, एवढंच शोधायचं होतं. माहेर लांब, पदरी शाळकरी लेक, आणि या परमुलखात नवऱ्याने दुसरं घर मांडलं तर? भवानीबाई खरंच घाबरल्या होत्या. शेवटी त्यांनी खोकंच उलटंपालटं केलं. बुडाशी ट्रान्सपोर्टवाल्याने कुंचल्याने एका दुकानाचं नाव फासलेलं होतं.

"टेकडीवर देवीला जाऊन येते," असं लेकीला, शिवानीला सांगून त्या भर दुपारी निघाल्या, त्या थेट किराण्याच्या ठोक बाजारात.

दुकानापुढे मानाजी उकिडवे बसून रिकामी खोकी चपटी करून बांधत होते. "भिया, वो अगरबत्ती का माल भी उतार लेना," आतून शेठ ओरडला. मानाजींनी मान वर केली, तर समोर बायको.

बाई नव्हती. भवानीबाईंना आधी हायसं वाटलं आणि मग राग आला.

"कधीपासून?"

"होळीपासून."

"आणि रोज डबा घेऊन कंपनीत जातो म्हणून सांगता! का काढलं तुम्हाला?"

"काम कमी झालं गं. बऱ्याच जणांची छुट्टी केली."

चांगलं, समजण्यासारखं उत्तर होतं. दुसरी कुणी असती तर पदराने डोळे पुसून घरी गेली असती. पण भवानीबाई कसल्या ऐकतात!

"थापा नका मारू. शरच्चंद्रभाऊजी तुमच्याच खात्यातले ना? ते तर आज सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढले. खरं सांगा. शिवानीची शपथ आहे तुम्हाला."

मानाजींनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"गेटपास न घेता माल बाहेर काढला म्हणून."

"चोरी? तुम्ही? कसला माल?"

"खोकं," ते म्हणाले. "रिकामंच. तू म्हणाली होतीस ना, परीक्षा आली, पोरीला टेबल करायचंय, मोठं खोकं आजच्या आज आणा. सही करणारे साहेब छुट्टीवर होते."

"मग ही इथली कशाला आणत होतात?"

"नसती आणली तर तू विचारलं असतंस."

जन्मात पहिल्यांदाच भवानीबाईंना वाटलं, देवी, हा माणूस खोटं बोलत असू दे.