तुळजाबाईच्या हातातला हात

तुळजाबाई कासारणीला दिसत नाही, हे कुंभार पिंपळगावच्या आख्ख्या बाजारात फक्त तुळजाबाईलाच ठाऊक होतं. चार वर्षांपासून डोळ्यांपुढं धुकं दाटत चाललं होतं. लेकाला, बद्रीनाथला, कळलं असतं तर त्यानं तिला त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि घरी बसणं म्हणजे तिच्या लेखी जिवंतपणी फोटोला हार. म्हणून हिरव्या बांगड्यांचा डबा उजव्या गुडघ्याशी, लाल बांगड्यांचा डाव्याशी. बोटानं रंग दाखवणारीवर ती डाफरायची, “तोंडानं बोल बाय, लक्ष्मी मुकी नसावी!”

१९९७ साली विद्यापीठातून बेबीनंदा आली. हातानं काम करणाऱ्या बायांना काम करताना नेमकं काय जाणवतं, यावर तिचा प्रबंध होता.

“मावशी, बांगडी चढवताना आतून काय वाटतं?”

“कंबर दुखती.”

दुसऱ्या बाजाराला तुळजाबाईनं थाप मारली, की देवी सपनात येऊन माप सांगते. पोरीनं तेही इमानेइतबारे टिपून घेतलं. तिसऱ्या बाजाराला मात्र ती वही मिटून पुढ्यात बसली.

“विचारून काही कळत नाही, मावशी. मलाच भरा. हिरव्या.”

चहा आणायला निघालेल्या बद्रीनाथनं हे ऐकलं.

तुळजाबाईनं तिचा हात दाबून पाहिला, आणि बांगडी बोटांवर आल्यावर हळूच विचारलं, “लगीन कवा?” हात लाकडासारखा ताठला.

“बघ, अडली. आता सांग, आईनं डब्यात काय दिलंय?”

“शेपू,” पोरगी हसली, आणि बांगडी सुळकन मनगटावर.

“मग ही जाणीव तुमच्या हातात का माझ्या?”

“दोघींच्या मधी. एकटीच्या हाताला काय कळतंय, कपाळ?”

चार बांगड्या चढल्या तोवर बद्रीनाथ चहा घेऊन आला. “आई, म्याडमनं हिरव्या मागितल्या व्हत्या. ह्या तर लाल! सकाळी मी डबे इकडचे तिकडं केल्ते, तुला दिसलं न्हाई का?”



“मीच रंग बदलला,” बेबीनंदा म्हणाली. “तुम्ही चहाला गेलात तेव्हा.”

तिचा दुसरा हात तुळजाबाईच्या हातात होता. तो घामेजला होता, ताठला होता. पोरगी धडधडीत खोटं बोलत होती. तुळजाबाईला तिची फार माया आली.

बद्रीनाथ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. तुळजाबाईनं पुढची बांगडी उचलली आणि चार वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं ते पोरीच्या कानाशी लागून विचारलं, “ही कंच्या रंगाची हाय गं?”