बदामाचं पाचवं पान

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीची फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडाशी. बायकोला पाचवा महिना लागला होता. वजन उचलायचं नाही, शिलाई मशीन चालवायची नाही, होईल तितकं पडून राहायचं. पोट वाढेल तशी वार वर सरकेल, बहुतेक वेळा सरकते.

“बहुतेक म्हणजे किती?” मी विचारलं. आदिलाबादच्या एका ज्युनियर कॉलेजात मी गणित शिकवतो. प्रश्न तोंडातून निघूनच गेला.

“आकडा लेके क्या करेंगे सर? इनको आराम कराओ,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आराम करणं बायकोच्या अंगातच नव्हतं. ती भीमपूरकडची, कापूस वेचत मोठी झालेली. लग्नानंतर आमच्या दोन खोल्यांत तिनं ब्लाउज शिवायला सुरुवात केली आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं तिच्या डोक्यात बसली. आता मशीनवर चादर पडली होती. बायका दारातून डोकावून परत जायच्या. मोबाइल बघून बघून तिचं डोकं दुखायचं. इकडे मी वर्गात फळ्यावर गणित मांडता मांडता मधेच थांबायचो आणि तास संपला की आधी घरी फोन लावायचो.

“काऊन फोन करता घडीघडी?” ती वैतागायची. “पडून हावो मी. छताच्या भेगा मोजून राह्यली.”

एक दिवस येताना बस स्टँडजवळच्या दुकानातून पत्त्यांचा कॅट घेतला. हैदराबादला शिकत असताना माझ्या रूममेटनं मला पोकर शिकवला होता. पाच पानं वाटायची, नको ती टाकून तितकीच नवी घ्यायची, मग कोणाचं भारी ते बघायचं. तीन पत्ती तिला ऐकून माहीत होती, त्यामुळे जोडी, सिक्वेन्स, कलर हे लगेच कळलं. डावावर लावायला तिनं बटणांचा डबा काढला. गिऱ्हाइकांची मोत्याची बटणं मात्र बाजूला ठेवली. “हे लावाचे नाई. लोकाइचे हायेत.”

पहिल्याच दिवशी तिच्या हातात चार बदाम आले आणि एक किलवर. तिनं किलवर टाकलं, मूठभर बटणं पुढे सरकवली आणि पाचव्या बदामासाठी हात पुढे केला. आली चौकट. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही.

“बावन्न पानं,” मी म्हटलं. “तुझ्या हातातली पाच सोड, राहिली सत्तेचाळीस. बदाम एकूण तेरा, चार तुझ्याकडे, म्हणजे त्या सत्तेचाळिसात नऊ. शंभर वेळा ओढलंस तर एकोणीसदा लागेल. एवढी बटणं नको लावू.”

तिनं माझ्या हाताकडे बोट केलं. “सत्तेचाळीस कसे? पाच तर तुमच्या हातात हायेत. थे बी धरता काय?”

वर्गातल्या एकाही पोरानं मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी सांगितलं, माझ्या हातात काय आहे हे तुला दिसत नाही, म्हणून तुझ्या दृष्टीनं ती पानं आणि गड्डीतली पानं सारखीच. बदाम माझ्याकडे असेल, नसेल.

“म्हंजे जे दिसत नाई, थे सारं एकच?”

“हिशेबापुरतं.”

तिला ते पटलं नाही, पण आवडलं. मग मी कॉलेजात असताना ती एकटीच पानं वाटून बघायला लागली. पाच-सहा-सात-आठ हातात असेल तर दोन्ही टोकं मोकळी, चौकी चालते नि नव्वीही चालते, म्हणजे आठ पानं. मधलं पान हवं असेल तर चारच. हे तिचं तिनंच काढलं आणि मी दारात चपला काढत असतानाच मला ऐकवलं. तरी खेळताना हातात चार बदाम आले की पाचव्याच्या आशेवर ती मूठभर बटणं लावायचीच. मी टोकलं की म्हणायची, “एकोणीसदा लागते नं? मंग एकोणीस काय कमी हाय?”

सातव्या महिन्याच्या तपासणीतही वार होती तिथेच होती. डॉक्टरीणबाई या वेळी ‘बहुतेक’ म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. घरी आल्यावर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत राहिलो.

त्याच आठवड्यात सासूबाई भीमपूरहून ज्वारीचं पीठ घेऊन मुक्कामाला आल्या. लेकीच्या अंथरुणावर पत्ते बघून त्यांचा चेहरा उतरला. “अशा दिवसात जुगार? पोटातलं लेकरू काय शिकन?” बटणं दाखवूनही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी कॅट गायब.

कॉलेजातून आलो तर बायको स्टुलावर उभी, एक हात माळ्यावर, पत्ते शोधत होती. सासूबाई नळावर गेल्या होत्या.

मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं मी कधी कोणावर ओरडलो नव्हतो. ती घाबरून माझ्या खांद्यावर हात टेकत खाली उतरली आणि अंथरुणावर बसून रडायला लागली.

“पत्त्याचा हिशेब तुमी मले बरोबर सांगता,” ती म्हणाली. “याचा काऊन नाई सांगत? दिवसभर चकरा मारता. काय मोजता, सांगा नं.”

“पत्ते बावन्न असतात हे मला माहीत असतं गं,” मी म्हटलं. “इथं मला काहीच माहीत नाही. मोजताच येत नाही.”

सासूबाई बादली घेऊन दारातच थांबल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. बादली ठेवून त्यांनी पिठाच्या डब्यातून कॅट काढला, पदरानं पुसला आणि लेकीपुढे ठेवला. “खेळ माय. पण उठू नोको.”

आठव्या महिन्यात भर दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना, लगेच ऑपरेशन. दोन बाटल्या रक्त लागलं. सासूबाई बाकावर देवाचं नाव घेत बसल्या. मला बसवेना. शेवटी नर्स बाहेर आली आणि तेलुगूत दोन वाक्यं बोलून आत निघून गेली.

“काय म्हने थे?” सासूबाईंनी माझी बाही ओढली.

“मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.”

मुलगी फारच लहान होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रोज सकाळी वजन व्हायचं, कधी वाढायचं, कधी उतरायचं. बायको टाके सांभाळत त्या काचेपाशी येऊन उभी राहायची आणि कोणी बस म्हटलं तरी बसायची नाही.

घरी न्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी आम्ही ऑटो केला. बाळ सासूबाईंच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेलं. पहिल्याच गतिरोधकावर ऑटो उसळला आणि त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. “मेल्लगा भाऊ, मेल्लगा! लेकरू हाय!” तेलुगूतला ‘हळू’ एवढा एकच शब्द त्यांना येत होता. ड्रायव्हर हसला आणि गाडी बैलगाडीसारखी हाकू लागला. बायको टाक्यांवर हात दाबून हसत होती. मी दुपट्याची घडी बाजूला करून बघत होतो, छाती वरखाली होते आहे ना. होत होती. मी पुन्हा बघितलं.