अंबुबाईनं फोन डब्यात घातला

सोलापूरला लागून असलेल्या बाळ्यातल्या अंबुबाईला कुठलीही गोष्ट हळू सांगता येत नाही. कडक भाकरी तव्यावरून उतरवता उतरवता ती शेजारणीला काही सांगायला लागली, की पुणे रस्त्यावरच्या ट्रकवाल्यालाही ते फुकटात कळतं. बाई मुळातच उतावळी. आनंद झाला तरी धावते, भीती वाटली तरी धावते, आणि धावून झाल्यावर विचार करते.

एकदा तिनं मोबाइलच्या किरणांवरचा कसलासा व्हिडिओ पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. घरात फोन एकच, आणि तो सदा लेकीच्या, आरोहीच्या हातात. आरोही खो-खो खेळते. पायांनी आईसारखीच चपळ, पण डोक्यानं थंड. तिनं फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं आणि पडदा आईपुढं धरला.

"हे बघ आई, फोनच्या लहरी अंगात किती शिरतात त्याचा आकडा. आपल्या देशात एक पूर्णांक सहाच्या वर चालत नाही. आपला एकाच्याही खाली आहे. आणि ती मर्यादासुद्धा धोक्याच्या कितीतरी अलीकडंच आखलेली असते."

"म्हंजे पास झाला की!" अंबुबाई हरखली. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. "पर हद्द घातलीय म्हंजे पल्याड कायतरी असंल की. उगं कोन कुंपन घालतंय?"

समजावत बसण्याऐवजी आरोही हसत सरावाला पळाली आणि तिथंच घोटाळा झाला.

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडला, तेव्हा आरोहीचं नाव थोडक्यात हुकलं होतं. "कुणी गळालं तर तूच. फोन करतो," असं संघाचे गुरुशांत सर म्हणाले होते. तेवढ्या एका वाक्यावर मायलेकी दिवस काढत होत्या. संघ निघायच्या दिवशी आरोही ज्वारी दळायला गिरणीत गेली, ती जाताना बजावून गेली, "आई, फोन जवळ ठेव हं. सरांचा येईल."

अंबुबाईनं तो जवळच ठेवला. अगदी गुडघ्याला लागून. फक्त किरणं बाहेर सांडू नयेत म्हणून स्टीलच्या डब्यात घालून, झाकण घट्ट दाबून.

आरोही पीठ घेऊन परतली. "आला का गं फोन?"

"न्हाय बाई. एकदाबी वाजला न्हाय. मी हितंच हाय की!"

आरोहीनं डबा उघडला आणि किंचाळलीच. फोन चांगला तापला होता, बॅटरी संपत आली होती. बाहेर काढल्याबरोबर मेसेजवर मेसेज येऊ लागले. सरांनी फोन केला होता, परत केला होता, परत परत केला होता.

"आई, डब्यात रेंजच मिळत नाही! टॉवर सापडेना म्हणून फोन उलट जास्त जोर लावतो. तुला जे नको होतं तेच झालं की!"

लेकीचं वर्षभराचं पळणं आपल्याच हातानं डब्यात कोंडलं, हे अंबुबाईला लख्ख कळलं. तिनं फोन ओढून घेतला, सरांना लावला, आणि त्यांनी हॅलो म्हणायच्या आत सुरू झाली.

"सर, मी आरोहीची आई. चूक माजी हाय, पोरीला बोल लावू नगा. तुमी कुटं हाय?"

"मावशी, एकीचा पाय मुरगळला म्हणून मघापासून फोन करतोय. आता जुना पुणे नाका सोडला, गाडी तुमच्याच बाजूला येतेय. पण..."

"पन न्हाय न् बिन न्हाय. मी रस्त्यावर हुबी ऱ्हाते!"

आणि खरंच राहिली, दोन्ही हात पसरून. मागून आरोही एका हातात बूट, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन अनवाणीच पळत आली. संघाची गाडी करकचून थांबली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता गदारोळ केला.

सर खाली उतरले. "मावशी, राखीव म्हणून नेतोय. मैदानात उतरायला मिळेलच असं नाही. मघाशी तेच सांगत होतो."

आरोहीचा चेहरा उतरला. अंबुबाईनं तिला पाठीला हात लावून गाडीत ढकललं.

"बसू द्या की सर! पर संघाबरोबर बसनार हाय नव्हं? मग झालं तर!"

गाडी हलली. आतून कुणीतरी आरोहीच्या अंगावर जर्सी फेकली. तिनं ती तिथल्या तिथं कुडत्यावरच चढवली आणि आईला दिसावं म्हणून खिडकीला पाठ लावली. पाठीवर 'सोलापूर' लिहिलं होतं. अंबुबाईनं ते वाचलं, रस्त्याच्या कडेला बसकण मारली आणि आनंदानं हमसून हमसून रडली.